अक्षर धुण्यात जाऊ नये म्हणून

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा गोषवारा असा. त्यांच्या सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. मागे एक वही राहिली: मसाल्याची, लोणच्याची, दिवाळीच्या फराळाची प्रमाणं, कुणाला किती पायली ज्वारी दिली त्याचा हिशेब, सगळं निळ्या शाईच्या पेनाने लिहिलेलं. ताईंच्या मुलीला अडीच महिन्यांनी बाळ होणार आहे, आणि त्या बाळासाठी पणजीच्या हस्ताक्षराची गोधडी शिवायची असं ताईंनी ठरवलं आहे. अक्षर कापडावर उतरवायचे तीन प्रयत्न झाले. पहिला घरच्या टँकवाल्या प्रिंटरवर. पांढऱ्या टेरिकॉटचा तुकडा कागदावर चिकटवून छापला, इस्त्री केली, रात्रभर मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात ठेवला. पहिल्याच धुण्यात अक्षरं पसरली आणि निळा रंग बादलीत उतरला. दुसरा मगवर फोटो छापून देणाऱ्या दुकानात. मलमलवर छापून मिळालं, पण फिकट, आणि दोन धुण्यांत निम्मं गेलं. तिसरा टी-शर्ट छापणाऱ्याकडे. अक्षर ठसठशीत आलं, धुतलं तरी हललं नाही, पण हाताला प्लॅस्टिकसारखं लागतं आणि सुई अडते. मुलगी म्हणते, यात बाळाला घाम येईल. मुलगा म्हणतो, नवा प्रिंटर घेऊन देतो, कुठला ते विचार. ताई शेवटी लिहितात, "कुठला प्रिंटर घेऊ ते सांगा. रंग शंभर टक्के पक्का हवा, जन्मभर टिकला पाहिजे. आणि वेळ फार नाही."

ताई,

पत्राबरोबर तिन्ही तुकडे पाठवलेत ते फार बरं केलंत. ते समोर ठेवूनच लिहिते आहे. प्रत्येकाच्या कडेचा एकेक धागा काढून मी जाळून पाहिला. टेरिकॉटचा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक मणी झाला, म्हणजे त्यात पॉलिस्टर भरपूर आहे. मलमलचा धागा कागदासारखा जळला आणि बोटाने चोळल्यावर राख झाली, म्हणजे ते निखळ सुती. एवढ्यावरून तुमचे पहिले दोन प्रयत्न का फसले ते कळतं. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. दोन्ही वेळा रंग भलत्याच गोष्टीसाठी बनलेला होता, तुमच्या कापडाच्या धाग्यासाठी नव्हे.

आपण सगळ्या जणी "हा रंग पक्का, तो कच्चा" असं म्हणतो. दुकानदारही तसंच सांगतो. पण रंग नुसता पक्का नसतो, तो कुठल्यातरी धाग्यावर पक्का असतो. मगवर फोटो छापणाऱ्या दुकानांचं असं आहे की त्यांना पॉलिस्टरवर पक्का बसणारा रंग ठाऊक असतो आणि तो ते मोठ्या विश्वासाने कशावरही लावून देतात. त्याला सब्लिमेशन म्हणतात. कागदावर छापलेला रंग साधारण २०० अंश सेल्सिअसच्या दाबयंत्राखाली पाऊण ते एक मिनिट ठेवला की त्याची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या आत शिरून बसते. मगवरही त्यासाठी खास लेप दिलेला असतो. सुती धाग्यात त्या वाफेला बसायला जागाच नाही. तुमच्या मलमलवर जे दिसलं ते धाग्याच्या वर अडकून राहिलेलं होतं, ते धुण्यात गेलं. पॉलिस्टरच्या पांढऱ्या कापडावर मात्र हाच रंग वर्षानुवर्षं हलत नाही. सोफ्याच्या उशीच्या अभ्र्यावर नातवाचा फोटो हवा असेल, तर सब्लिमेशनच करा आणि सुती कापडाचा हट्ट धरू नका. बाळाच्या अंगाखालच्या कापडाला पॉलिस्टर नको, म्हणून तुमच्यासाठी तो रस्ता बंद.

घरच्या प्रिंटरची गोष्ट वेगळी. अनेक टँकवाल्या प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत तीन शाया डायच्या. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. कागदावर तो छान दिसतो, कापडावर पुन्हा पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. पिगमेंट म्हणजे न विरघळणारी बारीक भुकटी, शाईतल्या चिकट द्रव्याने पृष्ठभागाला धरून राहणारी. तुमच्या तुकड्यावर सासूबाईंच्या "हिंग" शब्दाची काळी किनार अजून दिसते आणि निळा गेला आहे, तो याचमुळे.

आता मीठ आणि व्हिनेगर. हे मी स्वतःही कितीतरी वर्षं केलं आहे, आईने सांगितलं म्हणून. लोकरीला आणि रेशमाला लागणारे आम्ल रंग असतात, त्यांना व्हिनेगरचा खरोखर उपयोग होतो. सुती कापड रंगाच्या भांड्यात बुडवून रंगवताना मिठाने रंग धाग्याकडे ढकलला जातो, तेही खरं. पण छापून झालेली प्रिंटरची शाई या दोन्हींपैकी कशानेही बसत नाही. तुरटीचंही तेच. अजरखच्या, म्हणजे कच्छमधल्या ठशाच्या छपाईच्या, कारागिरांकडे तुरटी इतकं मोठं काम करते, कारण ते आधी कापडाला हिरडा देतात, मग तुरटीचे ठसे उठवतात, आणि नंतर मंजिष्ठेसारख्या रंगात कापड उकळतात. त्या रंगाला आणि धाग्याला जोडणारा दुवा म्हणजे तुरटीतला धातू. गुजरातेतून गेलेल्या ठशाच्या सुती कापडांचे शेकडो वर्षांपूर्वीचे तुकडे इजिप्तमध्ये जुन्या कैरोच्या फुस्तातमध्ये सापडले आहेत आणि त्यांच्यावरची नक्षी आजही ओळखू येते. तुरटी आहे तीच, पण तिच्या आधीची आणि नंतरची पायरी प्रिंटरच्या शाईजवळ नाही.

म्हणून कुठला प्रिंटर, या प्रश्नाच्या आधी मला दोन प्रश्न विचारावेसे वाटतात.

पहिला: हे कापड कसं धुतलं जाणार आहे? तुम्ही गोधडी म्हणता, पण पत्रात पुढे "बाळाला रोज गुंडाळायला" असंही लिहिलं आहे. रोज गुंडाळायचं ते दुपटं. त्याला शी-शू लागणार, ते दिवसाला दोनदा धुतलं जाणार, कधी गरम पाण्यात, कधी घाईत ब्रशने घासून. गोधडीचं धुणं निराळं. आपल्याकडे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नाही तर कॅनॉलवर नेऊन धुतात, दगडावर धोपटतात, पायाखाली तुडवतात, दिवसभर उन्हात टाकतात. वर्षातून दोन-चारदाच, पण तेव्हा जोरात. दुपट्याला शंभर हलकी धुणी सोसायची असतात, गोधडीला थोडी पण जबर. दोन्हीला पुरून उरेल अशी एक छपाई शोधण्यापेक्षा दुपटी साधी, धुवट, मऊ राहू द्या, आणि अक्षर फक्त गोधडीवर घ्या. बालरोगतज्ज्ञ तसंही पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळावर जाड, सैल पांघरूण घालू नका म्हणून सांगतात. ही गोधडी बाळ जागं असताना तुमच्या नजरेसमोर जमिनीवर अंथरायला वापरा. पांघरायची ती बाळ मोठं झाल्यावर.

दुसरा: किती छापायचं आहे? तुमच्या मनात वहीची सबंध पानं आहेत. मी ती पानं पाहिली. एका पानावर पस्तीस ओळी आहेत, त्यातल्या निम्म्या दुधाच्या हिशेबाच्या. मला वाटतं, सहा किंवा आठ ओळी निवडाव्यात आणि त्या मोठ्या घ्याव्यात. "गोडा मसाला, धने अर्धा किलो" ही एक ओळ दीडपट मोठी करून छापली तर त्यात तुमच्या सासूबाईंचा हात जास्त दिसेल. आणि सगळं अक्षर एकाच निळ्या रंगात आहे. फोटो असता तर चार रंगांची यंत्रं लागली असती. एका रंगाच्या, जाड-बारीक रेघांच्या अक्षराला तुमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर मिळेल अशी जुनी, स्वस्त, भरवशाची पद्धत आहे: स्क्रीन प्रिंटिंग.

म्हणजे उत्तर असं की प्रिंटर घेऊ नका. मुलाचे पैसे वाचवा.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीवर प्रकाशाने तुमचं अक्षर उमटवतात. जिथे अक्षर आहे तिथेच जाळी उघडी राहते, आणि रबरी पट्टीने रंग खाली दाबतात. कापडी पिशव्या, शाळेच्या गणवेशावरची नावं, मंडळांचे टी-शर्ट छापणारे हे रोज करतात. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडेही जाळी असते, पण त्यांचा रंग कागदाचा असतो, म्हणून कापड छापणाराच शोधा. त्याला तीन गोष्टी विचारा. रंग पाण्यावर आधारलेला पिगमेंट आहे ना, की त्यात रॉकेल घालता? पूर्वी पिगमेंटची पेस्ट दाट करायला सर्रास रॉकेल वापरायचे आणि कापडाला कित्येक दिवस वास यायचा. बाळाच्या वस्तूला ते नको. दुसरं, त्यात बाइंडर आणि फिक्सर दोन्ही घालता का? पिगमेंट स्वतः धाग्याला धरत नाही, बाइंडरची पातळ पापडी त्याला धरून ठेवते आणि फिक्सर ती पापडी पक्की करतो. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: छापल्यावर भाजता का?

या तिसऱ्या प्रश्नापाशी थोडं थांबते, कारण इथे मी पोळले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाने हळदीकुंकवासाठी दीडशे कापडी पिशव्या शिवल्या. छपाई सुंदर होती. छापणाऱ्याने त्या दोरीवर वाळवल्या आणि संध्याकाळी बांधून दिल्या. वाळलेल्या होत्या, पण बाइंडर पिकलेला नव्हता. पावसात एका बाईच्या मोतिया रंगाच्या साडीला आमच्या पिशवीवरचं लाल कमळ लागलं. ती काही बोलली नाही, पण ती साडी तिच्या मुलीने पहिल्या पगारातून घेतलेली होती आणि मला ते आजही बोचतं. पिगमेंटच्या बाइंडरला साधारण १५० अंशाची उष्णता तीन ते पाच मिनिटं मिळावी लागते. मोठ्या कारखान्यात त्यासाठी भट्टी असते. लहान दुकानात नसली तर घरी करा: रंग पूर्ण वाळू द्या, कापड उलटं घाला, वर जुना सुती रुमाल ठेवा, इस्त्री सुतीच्या खुणेवर, वाफ बंद. एका वहीच्या पानाएवढ्या भागाला चार-पाच मिनिटं, इस्त्री सावकाश सरकवत. एका जागी ठेवली तर करपेल, भराभर फिरवली तर उष्णता आत पोचणार नाही. आठ ओळींना अर्धा-पाऊण तास लागेल. त्यानंतर मी आठवडाभर कापडाला पाणी लावत नाही.

अशा छपाईचा कडकपणा हाताला अगदी किंचित लागतो. बारीक अक्षराला तो जाणवतसुद्धा नाही, मोठं भरीव चित्र असेल तर जाणवतो. पिगमेंटची खरी कमजोरी घासण्यात आहे. उन्हात तो चांगला टिकतो, साबणात टिकतो, पण दगडावर धोपटला किंवा ब्रशने घासला की पृष्ठभागावरून झिजतो. म्हणून ही गोधडी घटाच्या धुण्यात इतरांबरोबर कॅनॉलवर पाठवू नका. घरी टबात, गार पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने दाबून धुवा, पिळू नका, अक्षराची बाजू आत करून सावलीत वाळवा. मशिनमध्ये घातली तरी चालेल, उलटी करून, हलक्या चक्रावर. ब्लीच आणि डाग काढायची पावडर मुळीच नको.

तुम्ही "शंभर टक्के" लिहिलंत. कापडाच्या धंद्यात रंग धुण्यात किती टिकतो हे एक ते पाच अंकांत मोजतात: पाच म्हणजे काहीच बदल नाही, एक म्हणजे रंग गेल्यातच जमा. चांगल्या मालाला चार मिळाले तरी लोक खूश असतात. पाच कायमचे राहतील असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. सासूबाईंच्या लुगड्याचा रंगही पहिल्या दिवसाचा राहिला नसेल, आणि तरी ते लुगडं तुम्ही जपून ठेवलं आहे, असं तुम्हीच लिहिलं आहे.

या पक्केपणाच्या जवळ सगळ्यात जास्त जाणारी एक पद्धत आहे, ती सांगते, म्हणजे निवड तुमच्या हातात राहील. सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जाणारा रंग म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने असे पहिले रंग १९५६ साली बाजारात आणले. बाकी रंग धाग्यावर बसतात किंवा धाग्यात अडकतात, हा धाग्याचाच भाग होतो, म्हणून कापडाचा मऊपणा जरासुद्धा जात नाही. आता डिजिटल यंत्रावर या रंगाने सुती कापड छापून देणारे मुंबई-पुण्यात, सुरतेत, जयपुरात आहेत आणि बरेच जण एक मीटरसुद्धा छापतात. पानाचा पिवळेपणा, शाईचा डाग, तेलाचं बोट सगळं जसंच्या तसं उतरेल. पण त्यात छापण्याआधी कापडाला सोड्याचा आणि घट्टपणा देणाऱ्या अल्जिनेटचा लेप द्यावा लागतो, छापल्यावर वाफ द्यावी लागते, साधारण १०२ अंशाला आठ-दहा मिनिटं, आणि मग न बसलेला रंग निघून जाईपर्यंत गरम पाण्यात धुवावं लागतं. यातली एक पायरी गाळली तरी रंग उतरतो. म्हणून फोनवर एवढंच विचारा: "स्टीम करून, धुऊन देता का?" उत्तर लगेच आणि स्पष्ट आलं तर काम देण्यासारखं आहे. ज्या वाचकांना फोटो, बाळाच्या पावलांचे ठसे किंवा रंगीत चित्र सुती कापडावर हवं आहे, त्यांनी हाच रस्ता धरावा. तुम्हाला वेळ कमी आहे आणि रंग एकच आहे, म्हणून माझा कौल जाळीला.

टी-शर्टवाल्याचा तो तिसरा तुकडा वाईट नाही. त्याला डीटीएफ म्हणतात: फिल्मवर छापून, वितळणाऱ्या भुकटीने कापडावर चिकटवलेलं चित्र. बाजाराच्या पिशवीला, एप्रनला, दप्तराला उत्तम. गोधडीला मात्र अजिबात नाही, आणि घामापेक्षा मोठं कारण टाक्यांचं आहे. गोधडीत बोटा-बोटावर धावदोरा जातो. प्रत्येक टाक्याला त्या फिल्मला भोक पडणार, आणि भोकाच्या कडेपासून ती सुटायला लागणार.

कापडाविषयी. तुम्ही टेरिकॉट घेतलंत कारण ते पांढरंशुभ्र, सपाट आणि सुरकुती न पडणारं. छपाईच्या दृष्टीने तिन्ही गुण फसवे आहेत. कॅम्ब्रिक घ्या, म्हणजे दाट विणीचं गुळगुळीत सुती कापड, किंवा जरा वजनदार सुती पॉपलिन. मलमलवर बारीक अक्षर तुटतं कारण विणीत फटी असतात. खादी आणि मांजरपाट दिसायला सुरेख, पण त्यांच्या गाठी अक्षराच्या मधोमध येतात. मोठं, ठळक काही छापायचं असेल तरच ती घ्या. दुकानात "पीएफडी" कापड मागा. रंगाई-छपाईसाठी तयार केलेलं, म्हणजे खळ काढलेलं, चकाकी आणणारी रसायनं न लावलेलं. इचलकरंजी तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथे कॅम्ब्रिकही मिळेल आणि पीएफडी हा शब्दही समजावून सांगावा लागणार नाही.

घरी आणल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. दोन-चार सेकंदांत शोषला गेला तर कापड तयार आहे. मोत्यासारखा वर बसून राहिला तर अजून खळ आहे, आणि रंग खळीवर बसेल, धुण्यात खळ जाईल, बरोबर रंगही. तसं असेल तर बादलीभर कडक गरम पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, धुवा, आणि हे दोनदा करा. नीळ, खळ, कपडे मऊ करणारं द्रव यांतलं काहीही लावू नका. दोनदा धुण्याने आटायचं तेही आटून जाईल. सुती कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं. आधी न धुता छापलं तर गोधडीच्या पहिल्या धुण्यात छापलेली पट्टी आक्रसेल आणि भोवतीचं जुनं कापड फुगून राहील.

कापड तयार होईपर्यंत वहीचं काम करा, आणि ते आधी करा, काही छापलं नाही तरी. सबंध वही स्कॅन करून ठेवा, रंगीत, निदान ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), आणि त्या मूळ प्रती तशाच राहू द्या. मग निवडलेल्या ओळींची काळी-पांढरी प्रत करा. इथे देवनागरीची स्वतःची एक अडचण आहे. छपाईत सगळ्यात आधी अनुस्वार जातात, मग रफार, मग वेलांट्यांची टोकं. "हिंग" चा "हिग" होतो. स्कॅन स्वच्छ करताना कागदावरचे ठिपके पुसायला जाल तेव्हा मुलगा अनुस्वारही पुसेल, कारण त्याला ते सारखेच दिसतील. म्हणून शेवटची प्रत तुम्ही स्वतः वहीशी ताडून पाहा, अक्षर न् अक्षर. रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक राहणार नाही इतकं मोठं करा. सासूबाईंनी जिथे चूक लिहिलं आहे तिथे ती चूक राहू द्या.

पहिली छपाई थेट खऱ्या कापडावर नको. त्याच कॅम्ब्रिकच्या हातरुमालाएवढ्या चार तुकड्यांवर एक ओळ छापून घ्या. एकाला पांढरी सुती चिंधी टाचून पाच वेळा धुवा, तुम्ही घरी खरोखर जसं धुता तसंच. दुसऱ्यावर कोरडा पांढरा रुमाल दहा वेळा घासा, मग ओला करून दहा वेळा. तिसरा पंधरा दिवस खिडकीत उन्हाला ठेवा. चौथा कपाटात, तुलनेसाठी. चिंधीला रंग लागला तर भाजणं कमी पडलं आहे, तुकडा पुन्हा इस्त्री करून पाहा. बाळ कापड तोंडात घालणारच, म्हणून छापणाऱ्याला रंगाच्या डब्यावर किंवा कागदपत्रावर ओइको-टेक्सचं, म्हणजे कापडातली आणि रंगातली घातक रसायनं तपासणाऱ्या संस्थेचं, इको पासपोर्ट प्रमाणपत्र आहे का, हेही विचारा. तयार कापड विकत घेणाऱ्यांनी ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० चा पहिला वर्ग पाहावा. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी तोच असतो आणि त्याच्या अटी सगळ्यात कडक असतात.

ज्या वाचकांच्या घरी सगळ्या पिगमेंट शायांचा प्रिंटर आधीच आहे, त्यांना एक-दोन पट्ट्यांसाठी तो वापरता येईल. तयार स्टिकरच्या ए-फोर कागदावर कापड सपाट चिकटवा, पुढची कड पक्की करा, सुटे धागे कापा, आणि छापल्यावर वरच्यासारखीच इस्त्री करा. असं कापड थोडी, हलकी धुणी सोसतं आणि हळूहळू फिकं होतं. भिंतीवर लावायच्या, क्वचित धुवायच्या वस्तूला पुरे. लेझर प्रिंटरच्या वाटेला जाऊ नका. त्याचा टोनर म्हणजे वितळवलेली प्लॅस्टिकची भुकटी, ती घडीवर तडकते.

आणि एक पर्याय, ज्यात छपाईच नाही. निवडलेल्यातली एक ओळ, सासूबाईंची सही असेल तर तीच, कार्बनने उतरवून साखळी टाक्याने भरा. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर घ्या. तो दोरा झिजला तर पुन्हा भरता येतो, आणि पुढे तुमची मुलगी तो भरू शकेल. सगळी गोधडी अशी भरायला अडीच महिने पुरणार नाहीत. एक ओळ होईल.

शिवताना छापलेल्या पट्ट्यांना चारी बाजूंनी दोन बोटं माया ठेवा. अक्षर शिलाईला लागून आलं तर घडी तिथेच पडते आणि रंग तिथेच आधी झिजतो. मशिनवर जोडताना जाड थरांना १४ नंबरची सुई लागेल, नुसत्या कॅम्ब्रिकला ११. धावदोरा घालताना तो अक्षरांवरून नेऊ नका. सासूबाई लांब शिरोरेघ ओढायच्या, ती तुम्हाला आपसूक रस्ता दाखवेल: दोन ओळींच्या मधून, शिरोरेघेला समांतर, जसं वहीत रेघा असतात तसं. आणि ते जपून ठेवलेलं लुगडं. पत्रात ते तुम्ही एका वाक्यात उरकलंत, पण मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ अडकले. गोधडीची पाठ त्याचीच करा. इतक्या वर्षांच्या धुण्याने मऊ झालेलं, ज्याचा सुटायचा रंग कधीच सुटून गेला आहे, असं कापड कुठल्याही दुकानात मिळणार नाही. बाळाला अंथरताना ती बाजू वर ठेवा, अक्षर खाली. बाळ मोठं होऊन वाचायला लागलं की उलटा.

या आठवड्यात वही स्कॅन करा आणि इचलकरंजीहून चार मीटर कॅम्ब्रिक आणा. पुढच्या आठवड्यात तुकडे छापून घ्या. उन्हाचा तुकडा खिडकीत असताना लुगड्याचा आणि आतल्या थरांचा हिशेब करून ठेवता येईल. महिनाभरात खरी छपाई हातात आली तर शिवायला दीड महिना मिळतो, आणि तुमच्यासारख्या हाताला तो पुरतो. काम झालं की छापणाऱ्याकडून जाळीची चौकट मागून घ्या. पैसे तुम्ही भरलेले असतात, पण मागितली नाही तर तो ती धुऊन दुसऱ्याचं काम लावतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, कशाचं टोक लागणार नाही अशी, कपाटावर ठेवा. दुसरं नातवंड झालं की फक्त कापड न्यायचं.